कुणाकडं असतोस?

कराडहून सांगलीला निघालेल्या एसटीत शेजारी अनोळखी माणूस बसला, की पेठनाका यायच्या आत चौकशी आटोपलेली असते. गाव कुठलं, शेती किती, पाणी कशाचं. आणि बरोबर तरणं पोरगं असलं तर त्याच्याकडं मान वळवून, ‘हा कुणाकडं असतो?’

या प्रश्नात नोकरी हा शब्द नाही, काम हाही नाही. तू काय करतोस हे विचारणाऱ्याला तितकंसं महत्त्वाचं नसतं. लेथ चालवतोस की हिशेब लिहितोस, ते नंतर बघू. आधी कळायला हवं ते हे, की तू कुणाच्या पदरी आहेस, उद्या तुझा हात मशीनमध्ये गेला तर कुणाच्या दारात जायचं. पूर्वी याचं उत्तर एका शब्दात यायचं. किर्लोस्करात. कूपरात. स्कूटर कंपनीत. कारखान्याला. (आमच्याकडे नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की तो साखरेचाच.) मुंबईला, माथाडीत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या एका शब्दाने पगार, फंड, दिवाळीचा बोनस आणि लग्नाच्या बाजारातला भाव असं सगळं उभं राहायचं.

आता उत्तराला तीन-चार वाक्यं लागतात. ‘कंपनी ती हायवेकडंची, पण मी कंपनीचा नाही, ठेकेदाराकडून आहे. तसा कागदावर ट्रेनी आहे. पुढच्या महिन्यात ब्रेक देणार आहेत, मग बघू.’ विचारणारा ‘बरं बरं’ म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.

पुढची सगळी पानं या लांबलेल्या उत्तराविषयी आहेत. कामाची जागा बदलते आहे असं आपण हल्ली रोज ऐकतो. त्यावर पुण्यातल्या हॉटेलांत परिषदा होतात, पडद्यावर आलेख झळकतात, आणि बहुतेक बोलणं लॅपटॉप, घरून काम आणि माणसाच्या जागी येणारी बुद्धिमान यंत्रं यांच्याभोवती फिरतं. ते खोटं नाही. पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात उभं राहून पाहिलं तर मला बदलाचं वर्म वेगळ्या ठिकाणी दिसतं. इथं मालक दिसेनासा होत गेला आहे, आणि ही गोष्ट पडद्यापेक्षा बरीच जुनी आहे.

मालक दिसत होता तेव्हाची गोष्ट सांगायची तर किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करावी लागते. बेळगावात सायकली विकणारे, कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. साल १९१०. निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना आणि वस्ती एकदमच उभी राहिली. मालकाचं घर आणि कामगाराचं घर एकाच भोंग्याच्या टप्प्यात होतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं, ही हकीकत या भागात अजून सांगितली जाते. त्याच औंध संस्थानात पुढे १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तीच आहे. विश्वास टाकून काम करून घ्यायची एक रीत त्या मातीत होती म्हणायची.

आणखी एक गोष्ट, जिचा मराठी वाचकाला सहज विसर पडतो. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून. तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये शेजारी ‘स्त्री’ आलं. मराठी मध्यमवर्गाने कित्येक वर्षं चवीने वाचलेली मासिकं एका नांगराच्या कारखान्यातून निघत होती. आजच्या कंपन्यांची अंतर्गत वार्तापत्रं मी पाहिली आहेत. त्यांतून मराठी साहित्याला काही मिळेल असं वाटत नाही.

पण या चित्राला हार घालून भिंतीवर टांगायची मला घाई नाही. घर मालकाचं, दुकान मालकाचं, शाळा मालकाची अशी वस्ती असली की नोकरी गेल्यावर माणसाचं गावच जातं. दिसणारा मालक तुम्हालाही बघत असतो. वाडीतल्या शिस्तीचं कौतुक करणारे बहुतेक ती शिस्त घालून देणाऱ्यांच्या बाजूने बोलतात. तरी एवढं खरं, की ‘कुणाकडं?’ या प्रश्नाचं उत्तर तिथं कुणाला शोधावं लागत नव्हतं.

त्याच काळात आजच्या भाषेत ज्याला फिरता विक्री प्रतिनिधी म्हणावं असा एक उंच, धिप्पाड माणूस या गावांतून हिंडत होता. आधी ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा (‘प्रभाकर’ कंदील तिथलाच), मग किर्लोस्करांच्या नांगरांचा, पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याचा माल खपवत. भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आणली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या सुमाराची ही नोकरदारी क्वचित आठवते. मला वाटतं, नांगर विकायला गावोगाव फिरल्यामुळेच त्यांना कळलं की पोराला शिकवायचं तर शिकतानाच त्याच्या हाताला काम द्यावं लागेल. १९४७ मध्ये निघालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही रीत त्यातून आली. पोरं खोदत होती, पेरत होती, पण ती स्वतःच्या शिक्षणासाठी. आज तोच शब्दप्रयोग औद्योगिक वसाहतीतल्या जाहिरातीवर दिसतो: कमवा आणि शिका, बारावी पास, वय १८ ते २५. आत गेल्यावर आठ तास लाइनवर उभं राहायचं, कायम कामगार करतो तेच काम करायचं, आणि हातात पगाराऐवजी विद्यावेतन घ्यायचं. शिकवणारं तिथं फारसं कुणी नसतं. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. प्रशिक्षण संपल्यावर काय, हे विचारायला याच मुलांना पुढे रस्त्यावर यावं लागलं. भाऊरावांचे शब्द उचलायला सोपे होते.

स्वातंत्र्यानंतर इथल्या माणसाला सर्वांत जवळचा वाटला तो साखर कारखाना. सांगलीत वसंतदादांचा, कराडकडे कृष्णा आणि सह्याद्री, वाळव्यात राजारामबापूंचा आणि नागनाथअण्णांचा. इथं मालकीचा प्रश्न गमतीदार झाला. बाप उसाचा सभासद म्हणून मालक, आणि पोरगा त्याच कारखान्यात बॉयलरवर कामगार. वार्षिक सभेत बाप उसाला दर वाढवून मागणार, गेटवर पोरगा पगारवाढ मागणार, आणि दोघं रात्री एकाच ताटलीतल्या चटणीला भाकरी लावणार. हंगामी कामगाराला गाळप बंद असतानाही काही टक्के पगार मिळे, त्याला ‘रिटेन्शन’ म्हणतात. हा शब्द आमच्याकडे न शिकलेल्या आज्जीलाही येतो. नोकरीला संचालकाची चिठ्ठी लागायची, हे कुणी लपवलं नाही. आता काही कारखाने भाड्याने खासगी हातात गेले, काहींत कायम माणूस निवृत्त झाला की ती जागा ठेक्यावर भरली जाते. सभासद बाप अजून आहे, फक्त पोरगा त्याच्या कारखान्याचा राहिला नाही.

आणि त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर पहिल्यापासून एक माणूस होता, ज्याला ‘कुणाकडं?’ हे विचारायची सोयच नव्हती. ऊसतोड मजूर. बीडकडून येतात, आमच्या जत-आटपाडी-माणच्या दुष्काळी पट्ट्यातूनही निघतात. उचल मुकादमाकडून घेतलेली, करार वाहतूकदाराशी, फड शेतकऱ्याचा, ऊस कारखान्याचा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे हजेरीला बाई स्वतंत्र माणूससुद्धा नाही. अपघात झाला की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आज शहरातली तरुण मुलं नव्या अर्थव्यवस्थेचं म्हणून जे गाऱ्हाणं सांगतात, की काम आहे पण मालक नाही, ते या टोळीने साखरेच्या पहिल्या हंगामापासून सोसलं आहे. आता फडात तोडणी यंत्रं शिरली आहेत. यंत्राचा मालक मात्र सगळ्यांना नावानिशी माहीत असतो.

तेव्हा बदल बदल म्हणून आपण जे पाहतो आहोत ते काही अंशी असं आहे: जे कोयत्याच्या वाट्याला होतं, ते हळूहळू फाटकाच्या आत आलं.

मला या प्रस्तावनेत सर्वांत जास्त थांबायचं आहे ते मात्र माथाडीपाशी. कारण मालक नसलेल्या कामाला मालक कसा मिळवून द्यायचा, याचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यातल्या माणसांनी शोधलं होतं, आणि त्याचा आम्हालाच विसर पडतो आहे.

पाटण, जावळी, कराडच्या डोंगरकपारीतली माणसं मुंबईला गेली ती काही सगळी गिरणीत लागली नाहीत. पुष्कळजण मशीद बंदर, भायखळा, दारूखाना इथं माथ्यावर ओझी वाहू लागले. गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत वीस-पंचवीस जण पथारी टाकायचे, खानावळीत जेवायचे, आणि सकाळी ज्याची गोणी उचलायची त्याच्याकडून संध्याकाळी मजुरी घ्यायचे. आज हा व्यापारी, उद्या तो. आजारी पडलात तर कुणाकडे जाल? यांना एकत्र बांधलं ते पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी, आणि त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

त्याची युक्ती साधी आहे. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालांच्या टोळीनेही करायची. मजुरी हमालाच्या हातावर ठेवायची नाही. मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार अशी तिघांची माणसं. हमालाला पगार मंडळ देणार, फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, दवाखाना मंडळ बघणार. शंभर व्यापाऱ्यांपैकी कुणीही त्याचा मालक नाही, पण सगळे मिळून आहेत. म्हणून पाटणचा अंगठेबहाद्दर हमाल ‘कुणाकडं असतोस?’ला छाती पुढे काढून एका शब्दात सांगू शकला, ‘माथाडीत’.

१९८२ साल या घरांवर दोनदा कोसळलं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, जो रीतसर कधी मिटलाच नाही. आणि २३ मार्चला अण्णासाहेबांनी मराठा समाजाच्या मागण्यांसाठी स्वतःला संपवलं. गिरणीवाला गावी परतला आणि शेताच्या बांधावर बसला. माथाडीवाल्याचं मंडळ मात्र उभं राहिलं, कारण ते कुठल्याच एका मालकाच्या नफ्या-तोट्यावर टेकलेलं नव्हतं. आज नवी मुंबईच्या बाजारात, आणि इकडे हळदीच्या पेवांसाठी नाव असलेल्या सांगलीच्या मार्केट यार्डातही, ओझी वाहणाऱ्याला या कायद्याचा आधार आहे. माथाडीचं नाव सांगून कारखानदारांकडून पैसे उकळणाऱ्या बनावट टोळ्याही निघाल्या, हे कुणी नाकारू नये. कुपवाडचा किंवा शिरवळचा लघुउद्योजक त्याबद्दल चिडून बोलतो तेव्हा तो कांगावा नसतो. पण दुखणं टोळ्यांचं आहे, मूळ कल्पनेचं नाही.

आता साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी बघा. रंगीत टी-शर्ट घालून, पाठीला चौकोनी पेटी लावून पोरं मोबाइलकडे डोळे लावून उभी असतात. रोज वेगळं हॉटेल, वेगळं गिऱ्हाईक, मजुरी नगावर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मशीद बंदरात यांचे आजे असेच उभे होते, एवढाच फरक की आज्याला मुकादमाचं तोंड तरी दिसायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या मुलांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यावा असं म्हटलं आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, मग कर्नाटकने. हे सगळे कायदे पाहिले की त्यांत माथाडी मंडळाचीच सावली दिसते. आणि ज्या राज्यात ते झाड लावलं, तिथं पेटीवाल्या पोरासाठी तसं मंडळ अजून नाही.

मालकांची बाजू मी शेवटी घेतो आहे म्हणून ती हलकी समजू नये. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, तासवडे, सातारा या वसाहतींमधल्या पन्नास-शंभर माणसांच्या फाउंड्रीचा किंवा मशीन शॉपचा मालक काय म्हणतो? ‘माणूस मिळत नाही.’ आणि त्याच फाटकापासून चार किलोमीटरवरच्या गावात पारावरची पोरं म्हणतात, ‘काम नाही.’ दोन्ही खरं आहे. भट्टीच्या धगीत रात्रपाळी करायला गावचं शिकलेलं पोरगं तयार नाही, आणि त्याला दोष देणाऱ्याने आधी एक रात्र तिथं काढावी. तिथं आता बिहार-ओडिशाची मुलं असतात. ज्या पोराला या मालकाने दोन वर्षं सीएनसी शिकवलं, ते दोन-तीन हजारांच्या फरकाने चाकणला जातं. मालक संतापतो. पण तोही तेच करत असतो, ठेकेदार बदलून.

शिवाय हा मालक तरी कुठं मालक राहिला आहे? पुण्याच्या मोठ्या कंपनीचा तो ‘व्हेंडर’, त्याला एक कोड नंबर असतो. दर वर्षी त्याने भाव कमी करायचा, ऑडिटला येणाऱ्यांना कॉफी पाजायची, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा असताना तीन-तीन महिने वाट बघायची आणि तक्रार करायची नाही, कारण मग पुढची ऑर्डर नाही. एसटीत त्याला कुणी ‘कुणाकडं असता?’ विचारलं तर त्याचंही उत्तर लांबेल. माझा अनुभव असा, की कामगार-मालक चर्चासत्रांत हा माणूस कुठल्याच बाजूच्या खुर्चीवर नीट बसत नाही.

या लांबलेल्या उत्तराला अपवाद म्हणावा असा जुना रस्ता खानापूर-विट्याकडे आहे. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. पोरगं दूरच्या कुठल्या शहरात पाव्हण्याच्या गलाईच्या दुकानात गडी म्हणून जातं, काही वर्षं भट्टी फुंकतं, आणि वकूब दिसला तर पाव्हणाच त्याला वेगळं दुकान थाटून देतो. नेमणूकपत्र नाही, पण ‘मामाकडं असतो’ हे उत्तर आहे. माणदेशात बायकांनी वेगळी वाट काढली. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, आणि मजुरीवर जाणाऱ्या कित्येकींनी शेळ्या, शिलाई, भाजीपाल्याचा स्वतःचा धंदा धरला. त्यांना ‘कुणाकडं?’ विचारलं तर त्या काय म्हणतील ते तुम्ही म्हसवडच्या बुधवारच्या नाही तर कुठल्याही बाजारात जाऊन ऐका.

घरून काम करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेल्या मुलामुलींनी सोप्यात टेबल मांडलं, इन्व्हर्टर घेतला, रेंजसाठी माडी गाठली. पगार पुण्याचा, दूध घरचं. वालचंद किंवा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून गेलेली पिढी इतके दिवस गावात सलग राहिली, हे बऱ्याच वर्षांनी घडलं. पण भावकीला ते पटलं नाही. ‘घरातच असतो’ या शब्दांना आमच्याकडे एकच अर्थ आहे, आणि त्यावर स्थळं परत जातात. ऑफिसने परत बोलावलं तेव्हा काहींच्या आयांनी सुस्कारा टाकला म्हणतात.

कायद्यानेही आता कूस बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. आमच्या वसाहतींतले बहुतेक कारखाने त्या रेषेच्या खालीच आहेत. त्याच्या दोन महिने आधी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याला मान्यता दिली. दुसऱ्या बाजूला, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी, आणि प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र. मला यातलं नेमणूकपत्र सर्वांत मोलाचं वाटतं. त्या कागदावर वरच्या बाजूला कुणाचं तरी नाव छापावंच लागेल. ते नाव कुणाचं असेल, यावर पुढची वर्षं ठरतील.

ओळखीतला एक मुलगा, वय अठ्ठावीस. गेली सहा वर्षं रोज एकाच फाटकातून आत जातो, एकाच मशीनवर उभा राहतो. २०१४ पासून फंडाला एकच यूएएन नंबर मिळतो, म्हणून त्याची सगळी नोकरी मोबाइलवर एका पडद्यावर दिसते. त्याने मला ते पासबुक उघडून दाखवलं. फाटकावरचं नाव त्यात कुठंच नव्हतं. पाच वेगवेगळी नावं होती, सगळी ठेकेदारांची. मधूनमधून एक-दोन महिने रिकामे, ते ब्रेकचे. त्यातल्या दोघांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

मोटारसायकलच्या कर्जाचा अर्ज भरायला तो आला होता. ‘नोकरी कोणाकडे’ या रकान्यात त्याने फाटकावरचं नाव लिहिलं. मग पगाराची स्लिप काढून बघितली, ते खोडलं, आणि वर बारीक अक्षरात ठेकेदाराचं लिहिलं. जरा वेळ पेन तसंच धरून बसला. ‘पुढच्या महिन्यात हा बदलणार आहे,’ तो म्हणाला, ‘पेन्सिलीनं लिहिलं तर चालंल का?’